दोन वीत, चार बोटं

हमिदाने पेनाला टोपण लावलं आणि फॉर्म टेबलावरून नम्रताकडे परत सरकवला.

"पाह्यल्याशिवाय मी सही नाय करायची."

"भाभी, चारला बोट सुटणार आहे," नम्रता म्हणाली. "आता दीड वाजलाय."

"मग अडीच तास हायत की."

फॉर्म एका पानाचा होता. मासेमारीच्या बोटीवर संशोधनासाठी जाणाऱ्या विद्यार्थिनीसाठी नौकामालकाची संमती, असं वर छापलेलं. बोटीचं नाव रहेमत. बंदर मिरकरवाडा. मुक्काम चार रात्री. बोटीवरची माणसं सहा, सर्व पुरुष. सातव्या ओळीत दोन चौकोन होते. झोपण्याची स्वतंत्र सोय : आहे, नाही. नम्रताने बाकी सगळं भरून आणलं होतं, हे दोन चौकोन तेवढे रिकामे ठेवले होते.

सही हमिदाचीच लागत होती. अठरा वर्षांपूर्वी बोट घेताना नासिरने ती बायकोच्या नावावर केली होती. तेव्हापासून लायसन, विमा, डिझेलचं कार्ड, सगळ्या कागदांवर मालक म्हणून हमिदा. बोटीवर मात्र ती एकदाही चढली नव्हती. चढू नको असं कुणी म्हटलं नव्हतं. चढायचं कारणच कधी आलं नव्हतं.

नम्रता सावर्ड्याची, मत्स्यशास्त्र शिकणारी. जी मासळी जाळ्यात येते पण बंदरात पोचत नाही, खलाशी जी फावड्याने परत समुद्रात लोटतात, ती बारीक मासळी मोजायची हा तिचा विषय. जेटीवर उभं राहून ती मोजता येत नाही. बोट चालवणाऱ्या दोन तांडेलांनी तिला नाही म्हटलं होतं. तिसरा नासिर. त्याने विडी विझवत "चल की" म्हटलं, तेव्हा ती जेटीवरच उडी मारायची बाकी राहिली होती. या आठवड्यात गेली नाहीस तर विषय बदल, असं सरांनी बजावलं होतं. वजनकाटा, मोजपट्टी, बाटल्या भरलेली तिची सॅक हमिदाच्या ओटीवर दाराशी तयार होती.

"चाचांना विचारूया का?"

"त्यांचा काय इचारायचा? त्यांनी हो म्हटलंनी म्हणूनच तर तू इथं आलीस."

आतल्या खोलीत नासिर आडवा झाला होता. पहाटेपासून बर्फ भरून तासभर पाठ टेकायला आला होता. सहा फुटी सागवानी पलंग, लेकीच्या, झोयाच्या जन्मावेळी केलेला. पण नासिर झोपायचा तो पार कडेला, कुशीवर, गुडघे पोटाशी, तोंड बाहेर, हाताने पलंगाची कड घट्ट धरून. पलंगाच्या मधोमध एक जाड लोड होता. तो हमिदाने ठेवला होता, फार वर्षांपूर्वी, रागाने. लग्नाला तेवीस वर्षं झाली, हा माणूस घरी असला की पाठ करून झोपतो. वर झोपेत मागे रेटत येतो, जणू तिला ढकलूनच द्यायचं आहे. एवढं अंतर हवं ना, मग घे. नासिरने लोडाबद्दल कधी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

महिन्यातले वीस दिवस हा माणूस दर्यावर असे. तिथे तो कसा बोलतो, कसा हसतो, कसा झोपतो, यातलं तिला काही ठाऊक नव्हतं. आता एक परकी मुलगी ते चार रात्री बघणार होती.

"उठा," तिने दारातून हाक मारली. "मना बोट बगायची हाय."

नासिर उठून बसला. झोप गेली की अजून लागलीच आहे, हे त्याला पटकन कळेना.

"कोणाला?"

"मालकिणीला," हमिदा म्हणाली.

नम्रताला हसू फुटलं. तिने सॅक पाठीवर टाकली.

जेटीवर बातमी त्यांच्या आधी पोचली होती. सुरमई, बांगड्याच्या टोपल्यांमधून वाट काढत तुळसा पुढे आली. तुळसा म्हणजे रहेमतवर इंजीन सांभाळणाऱ्या रावजीची बायको. तीस वर्षं ती याच जेटीवर मासे विकत होती, आणि बोटीच्या फळकुटावर तिनेही कधी पाय ठेवला नव्हता.

"भाभी, मी पण येतंय. माजा माणूस पण त्याच खोलीत झोपतो."

"चल."

"आणि तू गो बाय," तुळसा नम्रताकडे वळली, "आवशीक ठाव हाय काय?"

"आईला सांगितलंय. ती म्हणाली, मळमळीची गोळी घेऊन जा."

"फक्त गोळी? बाकी काय नाय?"

"बाकी तुम्हाला विचारायला सांगितलंय."

तुळसाला हे आवडलं की झोंबलं ते तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. तिने कमरेचा मोबाइल काढला आणि मुलाला व्हिडिओ कॉल लावला. गौरव नौदलात होता. त्याचं जहाज सध्या बंदरात होतं, हे सगळ्या जेटीला माहीत होतं, कारण तुळसा रोज सांगे.

"गौरव, तुझ्या बोटीवर पोरी हायत ना रे?"

"आई, बोट नाय ती. युद्धनौका."

"तीच ती. पोरी झोपतात कुठं?"

गौरवने इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला. "त्यांची वेगळी जागा असते. वेगळं दार, वेगळी बाथरूम. का?"

"आणि तशी नसली तर?"

"तर भांडणं. आमच्यात पण दोन तट हायत. काय जण म्हणतात, एका जहाजावर काम करतो तर भिंत कशाला. काय जण म्हणतात, भिंत हाय म्हणून तर काम नीट होतं."

"तू काय म्हणतोस?"

"मी म्हणतो, ड्युटी संपली की माणूस पडतो तो मेल्यासारखा. शेजारी कोण हाय बगायला डोळे उघडे तर रायले पायजेत. आई, ठेव आता, साहेब आले."

"बघ," तुळसा हमिदाला म्हणाली, "सरकारच्या बोटीला दार हाय. आपल्या बोटीला काय हाय?"

रहेमत तिसऱ्या रांगेत होती. म्हणजे आधी दोन बोटी ओलांडायच्या. नासिर पुढे, मागे नम्रता टणाटण उड्या मारत, मग साडीचा काचा मारलेली तुळसा, सगळ्यात शेवटी हमिदा, एका हातात चपला आणि दुसऱ्या हातात फॉर्मची प्लास्टिकची पिशवी. शेजारच्या बोटींवरचे खलाशी जाळं शिवायचं सोडून उभे राहिले. कुणीतरी शिट्टी घातली, कुणीतरी त्याला शिवी घातली.

"रावजीमामा!" रहेमतवरचा खलाशी संदेश ओरडला. "भाभी येतात! मामी पण! चड्ड्या काडा!"

दोरीवर वाळत घातलेल्या पाच-सहा चड्ड्या आणि एक लुंगी एका झपाट्यात नाहीशी झाली. इंजिनाच्या भोकातून रावजी ग्रीसने माखलेला वर आला आणि बायकोला बघून पुन्हा अर्धा खाली गेला.

"तू कशाला?"

"तपासणी," तुळसा म्हणाली. "मागं ते पोतं कसलं टांगलंय?"

"ते... जायला-बिजायला. आडोसा."

"ह्याला आडोसा म्हणतात? आरपार दिसतंय."

"इतकी वर्षं कोण बगत होता?"

"आजपासून बगंल. ताडपत्री लाव. आत्ताच्या आत्ता."

संदेश ताडपत्री आणायला पळाला. रावजीने नासिरकडे पाहून हळूच गाऱ्हाणं मांडलं.

"तांडेल, म्हंजे चार रात्री पँटी घालून झोपायचा?"

"घाल," नासिर म्हणाला. "मरत नायस."

केबिन सुकाणूच्या मागेच होती. दार नव्हतं, वाकून शिरायचं. दोन्ही बाजूंना एकावर एक तीन-तीन फळ्या, मध्ये एक माणूस अंग तिरकं करून जाईल एवढी वाट. डिझेलचा, खाऱ्या कपड्यांचा, सकाळच्या कालवणाचा वास. फळ्यांवर काळपट पडलेल्या पातळ गाद्या. हमिदा आत गेली आणि क्षणभर तिला कुठे बघावं ते समजेना. तुळसा मागून डोकावली. जेटीवर जिच्या तोंडाला कुणी लागत नसे, ती तुळसा पदर नाकाला लावून फळ्या मोजत राहिली.

"ह्यातली माझी कुठली?" तिने शेवटी विचारलं.

"तुझी?" बाहेरून रावजी म्हणाला.

"तुमची वो. तुमची कुठली?"

"ती खालची. इंजिनावरची. थंडीत बरी."

"आणि उन्हाळ्यात?"

तुळसाने खालच्या फळीवर हात ठेवला. इंजीन सकाळी चालवून पाहिलं होतं. फळी अजून ऊन होती.

नम्रताने वही काढली. तिला सगळ्याचीच नोंद करायची सवय होती. "सहाही जण एकाच वेळी झोपता का?"

"छे," संदेश म्हणाला. "दर तीन तासांनी जाळं ओढायचं. दोघं-तिघं आडवी असतात, बाकीची कामावर. कोणाची फळी कोण बगत नाय. रिकामी दिसली की पडायचं."

"मला बसूनसुद्धा झोप येते. सावर्ड्यापासून रत्नागिरीपर्यंत एसटीत उभ्याने झोपलेय."

संदेश हसला. हमिदा हसली नाही. ती सुकाणूला लागून असलेल्या फळीपाशी उभी होती.

"ही तुमची," ती नासिरला म्हणाली. विचारलं नाही.

"कशावरनं?"

तिने फळीच्या कडेला मारलेल्या लाकडी पट्टीवर बोट ठेवलं. पट्टी सगळीकडे खडबडीत होती, रंगाचे पापुद्रे निघालेली. एकाच जागी, टीचभर, ती गुळगुळीत झाली होती, पाटा झिजावा तशी. हमिदाने आपला पंजा पसरला आणि फळीची रुंदी मोजली. एक वीत, दोन वीत, वर चार बोटं.

"झोपून दाखवा."

"आता? पोरं बगतायत."

"बगूदेत."

बाहेर हशा झाला. नासिरने चपला काढल्या आणि अंग चोरत फळीवर शिरला. उताणं झोपायला जागा नव्हती. तो कुशीवर झाला, गुडघे पोटाशी घेतले, पाठ बोटीच्या लाकडाला टेकवली. तोंड बाहेर. आणि हात आपोआप गेला, पट्टीवरच्या त्या गुळगुळीत जागेवर बसला.

हमिदा बघत राहिली.

"हात सोडा," ती म्हणाली.

"सोडला आणि लाट आली की माणूस खाली," नासिर म्हणाला. "पयल्या वर्षी दोनदा पडलो. मग सवय झाली. पाठीला काय तरी लागलं पायजे, आणि हातात कड. मगच झोप. नायतर नाय."

"कुठं पण?"

"कुठं पण म्हंजे?"

बाहेर ताडपत्रीला खिळे ठोकल्याचा आवाज येत होता. शेजारच्या बोटीने इंजीन चालू केलं आणि केबिनमधल्या सगळ्या फळ्या हलक्या थरथरू लागल्या.

"भाभी," नम्रता हळूच म्हणाली, "सव्वातीन."

हमिदाने वळून तिच्याकडे पाहिलं. "ह्या फळीवर तू झोपायचं. भायेर यायला दोन पावलं लागतात. तांडेल सुकाणूवर असंल तवा ही रिकामीच. ते नंतर संदेशच्या फळीवर पडतील."

"आणि पडदा?" तुळसा म्हणाली. उत्तराची वाट न बघता तिने टोपलीवर झाकायला आणलेली जुनी साडी काढली आणि खिळे-हातोडी घेऊन रावजीला आत बोलावलं. "दोन्ही टोकं नीट मार. आणि खालच्या फळीवर ती दुसरी गादी घाल. भाजताय ते बगत बसू नका."

"अठरा वर्षं भाजतोय."

"अठरा वर्षं सांगायला जीभ नव्हती?"

हमिदाने सुकाणूच्या चाकावर फॉर्म टेकवला. सातव्या ओळीत 'नाही' च्या चौकोनात तिने बरोबरची खूण केली. नम्रताचा चेहरा उतरला. खाली मालकाच्या अभिप्रायासाठी दोन ओळी मोकळ्या होत्या. हमिदा सावकाश लिहू लागली, शाळेत लिहायची तशा वळणदार अक्षरांत : स्वतंत्र सोय नाही. पडदा लावला आहे. जागा मी स्वतः पाहिली. माणसं माझी आहेत.

खाली सही केली आणि टोपण लावलं.

नम्रताने फोटो काढून सरांना पाठवला. पाच जण तिच्या मोबाइलकडे बघत उभे राहिले, निकाल लागायचा असल्यासारखे. दोन निळ्या खुणा आल्या. मग काहीच नाही. मग : 'ठीक आहे. लाइफ जॅकेट घालून फोटो पाठव.'

ती एवढ्या जोरात ओरडली की जेटीवरचे कावळे उडाले.

चारच्या भरतीला रहेमत दोन बोटींच्या मधून सुटली. नम्रता नारिंगी जॅकेट घालून मागे उभी होती, एक हात ताडपत्रीच्या दोरीला, दुसऱ्याने दोन्ही बायकांना निरोप देत. रावजी पँट घालून होता. तुळसाने ते बघितलं आणि पदर तोंडाला लावून हसली. नासिर सुकाणूवर होता. त्याने वळून बघितलं नाही, बंदराच्या तोंडाशी त्याला मागे बघता येत नसे. हमिदाला हे तुळसाने सांगितलं.

बोट लाटेच्या पहिल्या रांगेवर चढली आणि उतरली. हमिदाचा हात नकळत जेटीच्या कठड्यावर घट्ट बसला.

घरी आली तेव्हा ऊन पलंगावर आलं होतं. नासिर जसा उठून गेला तशीच चादर पडली होती, कडेला हातभर चुरगळलेली, बाकी सगळी सपाट. ती खाली बसली आणि पलंगाची कड चाचपली. पॉलिश सगळीकडे होतं. एका टीचभर जागेवर नव्हतं.

तिने मधला लोड उचलला. बराच जड होता. इतकी वर्षं झटकून पुन्हा तिथेच ठेवताना तो एवढा जड लागला नव्हता. पलंगाला वळसा घालून ती नासिरच्या बाजूला गेली आणि लोड पार बाहेरच्या कडेला, झोपेत नासिर पडू नये असा, लावून ठेवला. मग चादर ताठ केली, आपली उशी उचलून पलंगाच्या मधे, त्याच्या पाठीला लागेल अशी, आणून ठेवली, आणि कालवणाला कोकम भिजत घालायला स्वयंपाकघरात गेली.