पहिल्या स्लाइडवरचा पाय

तिने पेन ड्राइव्ह लावला आणि पडद्यावर टाच उमटली. भिंतभर मोठी, मधोमध कोटाच्या बटणाएवढी जखम. खाली ओळ : रुग्ण, पुरुष, वय एकसष्ट.

"दिसतंय ना नीट?" ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्याने विचारलं.

"दिसतंय," ती म्हणाली आणि घाईने पुढच्या स्लाइडवर गेली.

टाच तिच्या बाबांची होती. पाच वर्षांपूर्वी तिनेच फोटो काढला होता. "नीट काढ गं, माझा पाय जग फिरणार आहे," म्हणत बाबांनी हौसेने मोजा उतरवला होता. तेव्हापासून तिच्या प्रत्येक भाषणाची सुरुवात त्या टाचेने व्हायची. मधुमेहामुळे न भरणारी जखम, आणि त्या जखमेवर लावायचं, तिने शोधलेलं जेल. शरीरातल्या पेशी एका जाळीच्या आधाराने राहतात, तशी नकली जाळी ती प्रयोगशाळेत त्या जेलमधून बनवत होती. पेशींना वाटलं पाहिजे, आपण आपल्याच घरात आहोत, असं ती बाबांना समजावायची. उंदरांच्या पेशींना तसं वाटूही लागलं होतं. माणसांपर्यंत पोचायला अजून पाच वर्षं, असं शेवटच्या स्लाइडवर लिहिलेलं असे. ती स्लाइड ती दरवर्षी जुन्या भाषणातून नव्यात तशीच उचलायची. या धंद्यात सगळेच तसं करतात, कुणी कुणाला हटकत नाही. पाचाचे चार काही कधी झाले नाहीत.

आज दहा वाजता बाबांचा तो पाय गुडघ्याखाली कापणार होते. अकराला इथे, परगावच्या परिषदेत, तिचं भाषण होतं. परवा ती तिकीट बदलायला निघाली, तर बाबांनीच फोनवर दटावलं, "इथे येऊन काय डॉक्टरांची करवत धरणार आहेस? बोलून ये तू."

ती बोलली. एकही वाक्य अडखळलं नाही, आणि त्याचीच तिला शिसारी आली. पाच वर्षं लागतील, हेही तिने म्हटलं.

प्रश्नोत्तरांत अध्यक्षबाईंनी चष्मा कपाळावर चढवला.

"त्या पहिल्या स्लाइडवरच्या रुग्णाचं पुढे काय झालं?"

इतक्या वर्षांत हे कुणीच विचारलं नव्हतं. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अकरा पंचवीस.

"उपचार चालू आहेत," ती म्हणाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

बाहेर पेशींच्या घरांवर दोन दिवस बोलून दमलेले दोनशे लोक चहासाठी एकमेकांना ढकलत होते. तिच्या हातात कप आला आणि दादाचा फोनही आला.

"झालं गं. बाबा ठीक आहेत, अजून गुंगीत आहेत. एक भानगड झालीय पण. आत जाण्याआधी त्यांनी डॉक्टरांना सांगून ठेवलंय, पाय टाकायचा नाही म्हणून. लेकीच्या कामाला येईल म्हणाले."

"माझ्या?"

"तूच म्हणाली होतीस ना, खऱ्या अवयवातल्या पेशी धुवून काढता आणि उरलेली जाळी बघून नकली बनवता? त्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय ते."

म्हणाली होती खरी, जेवताना, बाबा मन लावून ऐकतात म्हणून. त्याला निरोगी अवयव लागतो, हे सांगायचं राहून गेलं होतं. बाबांचा पाय पोटरीपर्यंत सडला होता. कुठलीही प्रयोगशाळा तो दारातसुद्धा घेणार नव्हती.

"नर्स पिशवी घेऊन उभी आहे," दादा म्हणाला. "काय सांगू?"

तिने कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. मागून कुणीतरी तिच्या खांद्यावर थोपटून "छान झालं भाषण" म्हणत पुढे गेलं. तिने मान हलवली.

"ऐकतेयस ना?"

"टाकू दे त्यांना."

"आणि बाबांना? शुद्धीवर आल्या आल्या हेच विचारतील."

"मिळाला म्हणून सांग."

"उपयोगाचा आहे का म्हणाले तर?"

तिने पालथ्या हाताने डोळे पुसले.

"आहे म्हण. पण वेळ लागेल थोडा," ती म्हणाली. "पाच वर्षं म्हण."