झडती गिळलेलं वर्ष

मी एक म्हातारा बैल आहे आणि माझं डोकं तापलेलं आहे. मित्रांनो, बैलानं आपली कहाणी सांगायची म्हणजे डोळ्यांत पाणी आणून सांगायची, असा तुमचा समज असेल तर तो आधी काढून टाका. मला रडायचं नाही. मला भांडायचं आहे.

माझं नाव लाख्या. मोताळ्याच्या बाजूला एका लहानशा गावात, उकंडरावांच्या गोठ्यात माझा जन्म झाला. वासरू होतो तेव्हा गीताबाईंच्या, म्हणजे धन्याच्या बायकोच्या, हातचा गूळ खाल्ला. मोठा झालो तशी मानेवर जू आलं. पाखऱ्या माझा जोडीदार. आम्ही दोघांनी डवरा, म्हणजे तण काढायचं कोळपं, ओढून कपाशी डवरली, सोयाबीन डवरलं, गाड्या ओढल्या. कामाची तक्रार मी तेव्हाही केली नाही, आजही करत नाही. माझं भांडण वेगळंच आहे.

आमचे धनी झडत्या रचायचे. तुम्हा शहरातल्या पोरांना झडती माहीत नसेल म्हणून सांगतो. पोळ्याच्या दिवशी गावातले सगळे बैल सजवून तोरणाखाली उभे करतात. तोरण तोडायच्या आधी कुणीतरी पुढे येतो आणि यमक जुळवून चार ओळी खणखणीत म्हणतो. त्यात कुणाची तरी टर उडवलेली असते. मग अख्खं गाव 'हर हर महादेव' म्हणून ओरडतं, तोरण तुटतं आणि बैल सुटतात; त्यालाच पोळा फुटणं म्हणतात. ज्याची टर उडाली त्यानं रागवायचं नाही, असा रिवाज आहे.

धन्याच्या झडत्या घरात बसून जमत नसत. आम्ही पुढे, मध्ये डवरा आणि मागे धनी, असं चालता चालता जमायच्या. एक ओळ म्हणायचे, जिभेवर घोळवायचे, मोडायचे, पुन्हा जुळवायचे. मग मला विचारायचे, "काय बे लाख्या, बसलं का नाही?" मी कान हलवला की खूश व्हायचे. खरं सांगू? पुष्कळदा मी माशी उडवत असे. पण धनी म्हणायचे, "लाख्याले पटलं!" आणि एकटेच हसत सुटायचे. गारपिटीनं उभं पीक झोपलं त्या साली शेजारीपाजारी डोक्याला हात लावून बसले होते. धनीही बसले, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी त्यांनी गारांवरच झडती रचली आणि उठून कामाला लागले. गुडघा दुखो, पाऊस रुसो, या माणसाचं पोट त्या चार ओळींवर भरायचं. आजूबाजूच्या गावांतून लोक आमचा पोळा पाहायला येत आणि म्हणत, "उकंडरावाची झडती झाल्याबिगर पोळा फुटत नाही."

मग मागच्या पोळ्याला ती झडती झाली. गावात आम्हा जनावरांसाठी पाण्याचं नवं टाकं बांधलं होतं. फरशी गुळगुळीत, वर सरपंच राजकुमार यांचा हसरा फोटो. आत पाणी नाही! मी स्वतः तिथून तहानलेला परत आलो होतो, त्यामुळे या झडतीत माझाही वाटा आहे असं मी मानतो. धन्यानं तोरणाखाली छाती फुगवून म्हटलं,

"टाकं बांधलं लयच झाक,
त्यात पान्याच्या नावानं राख!
बैल इचारते, सरपंच भाऊ,
फोटो पेऊ का फरशी खाऊ?"

गाव असं हसलं की माझी झूल घसरली. सरपंच मात्र हसले नाहीत. रिवाज गेला उडत, ते तोंड फुगवून निघून गेले. आणि आमच्या हर्षलचा, म्हणजे धन्याच्या मुलाचा, चेहरा उतरला. त्याला येत्या निवडणुकीत सरपंचाच्या पॅनलमधून उभं राहायचं होतं ना!

घरी आल्यावर तो गोठ्याच्या दारात उभा राहिला. "बाबा, बस झालं आता. तुमाले गंमत वाटते, अन् मले गावात तोंड दाखवाची सोय नाही राह्यली. माह्या गळ्याची शप्पथ हाये तुमाले. यापुढं झडतीचा एक शब्द काढला, तं माहं मेलेलं तोंड पाहसान!"

एकुलत्या एका पोरानं आपल्या जिवाची शपथ घातली. धन्यानं मान डोलावली आणि माझ्या पाठीवरची झूल काढून घेतली.

त्या दिवसापासून शेतात माझ्यामागे नुसतं डवऱ्याचं घासणं ऐकू येऊ लागलं. कधी एखादी ओळ धन्याच्या ओठांपर्यंत यायची. मला कळायचं, कारण त्यांची चाल बदलायची. मग ते खाकरून ती गिळून टाकायचे. जेवण तुटलं. झोप तुटली. गीताबाई विचारून थकल्या, "अवो, काऊन जेऊन नाही राह्यले तुमी?" उत्तर एकच, "भूक नाही." आणि एके दिवशी, मी जरासा थबकलो म्हणून, धन्यानं मला तुतारी टोचली. तुतारी म्हणजे टोकाला खिळा लावलेली काठी. आयुष्यात पहिल्यांदा! रक्त आलं. पण माझा राग धन्यावर नव्हता, मित्रांनो. हा माणूस मला ओळखीचाच वाटेना, आणि त्याला असं कुणी केलं ते मला ठाऊक होतं.

धन्याला मोताळ्याच्या डॉक्टरांकडे नेलं. बी.पी. वाढलेलं निघालं. गोळ्या दिल्या, डोकं शांत ठेवा म्हणाले. शांत! आणखी किती शांत ठेवायचं, बाप्पा?

"हर्षल, तुहा बाप सुकून चालला," गीताबाई माझ्यासमोरच पोराला म्हणाल्या.

"माय, मोठा टीव्ही आणला, आरामखुर्ची आणली. आनखी काय करू मी?"

त्याचा जीव होता बापावर, नाही असं नाही. म्हणून तर मला जास्त चीड येते. बापाला दिवसभर दुसऱ्यांची नाचगाणी पाहायला बसवलं आणि त्याच्या स्वतःच्या चार ओळी तेवढ्या काढून घेतल्या. असल्या मायेला काय चुलीत घालायचं?

यंदाचा पोळा आला. माझी शिंगं रंगवली, ती हर्षलनं. धनी कडेला उभे होते, पडलेल्या खांद्यांनी. तोरणाखाली सगळे बैल लागले. लोक सवयीनं उकंडरावांकडे पाहू लागले. ते जमिनीकडे पाहत राहिले. सरपंच घाईघाईनं म्हणाले, "चला, तोडा तोरन!"

मी हललो नाही. हर्षलनं कासरा ओढला. पुन्हा ओढला. मग शेपटी पिरगाळली. बस्स, माझ्या डोक्यात तिडीक गेली! मी मान खाली घातली आणि अशी झटकली, की नवा पांढरा सदरा घातलेले आमचे भावी मेंबर सरळ काळ्या चिखलात जाऊन बसले.

गाव हसलं. आणि त्या हसण्यात एक आवाज मला ओळखू आला.

"आंगात सदरा पांढरा फेक..."

धन्याच्या तोंडून ओळ निघून गेली होती! निघाली तशी त्यांनी दोन्ही हातांनी आपलं तोंड दाबून धरलं. डोळे भरून आले. एक म्हातारा माणूस भर पोळ्यात स्वतःचं तोंड दाबून उभा होता, पोराच्या जिवाच्या भीतीनं.

बायांच्या घोळक्यातून गीताबाई पुढे आल्या. "हर्षल! बापाचे हात पाह्य! आंधळा हायेस का रे? सोड ती शप्पथ! साऱ्या गावासमोर सोड!"

हर्षल चिखलात बसूनच बापाकडे पाहत होता. एकदा त्यानं सरपंचांकडे पाहिलं. मग त्याचा चेहरा वेडावाकडा झाला.

"सुटली, बाबा," तो रडत म्हणाला. "शप्पथ सुटली. म्हना तुमी."

धन्यानं हात खाली घेतले. मग पूर्वीसारखीच छाती फुगवून म्हटलं,

"आंगात सदरा पांढरा फेक,
चिखलात बसला उकंड्याचा लेक!
बापाच्या तोंडाले लावलं टाळं,
बैलानं केलं त्याचं तोंड काळं!"

"हर हर महादेव!" सर्वांत मोठ्यानं कोण ओरडलं असेल? चिखलातला हर्षल. त्या संध्याकाळी धनी पुरणपोळी मागून मागून जेवले.

माझा राग गेला का? नाही! एका माणसाचं अख्खं वर्ष वाया गेलं, ते कोण भरून देणार? तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरात कुणी भाकरी थापताना गाणी रचत असेल, चिंध्यांच्या बाहुल्या शिवत असेल, भिंतीवर मोर काढत असेल, तर त्याला 'बिनकामाचं काय काढलं' म्हणून टोकू नका. त्या माणसाचं ते अन्न असतं. आणि ज्यांनी आधीच कुणाला गप्प केलं असेल, त्यांनी आता उठावं आणि जाऊन त्याला मोकळं करावं. आत्ताच्या आत्ता. पोळ्याची वाट पाहत बसू नका. प्रत्येक घरी माझ्यासारखा तापट बैल नसतो.