म्हसोबाच्या राईतला बोकड

या, असे सरकून जवळ बसा. बुवांचा मृदंग सुरात लागेपर्यंत तुम्हाला आपल्या सेलूच्याच एका माउलीची गोष्ट सांगतो.

कापसाच्या जिनिंगच्या मागं म्हसोबाची राई आहे ना, कडुलिंब-बाभळींची? गोष्ट तेव्हाची, निजामी नुकतीच गेली होती. गाव चहूकडं वाढायला लागलं, तरी राईतली वाळली काडी कुणी उचलत नसे. ढोलीत पिंगळे, वारुळाशी मुंगसं, शेंड्याला वटवाघळं. सगळा त्या देवाचाच संसार.

भिवराबाई शेळ्या राखायची. नातू रायभान तापानं फणफणला तेव्हा तिनं नवस बोलला, आणि पोरगं उठून बसल्यावर काळा बोकड राईत सोडला. देवाला सोडलेल्या जनावराला कुणी हाकलत नाही. बोकड चांगलाच माजला. तिला त्याचं कौतुक वाटायचं.

पुढं एका वावटळीत दोन जुनी झाडं पडली. भिवराबाई बघायला गेली, तर ढोली मोडलेली आणि पिंगळ्यांची जोडी भर उन्हात फांदीवर बसलेली. पडलेल्यांच्या जागी त्यांना ढोली द्यायला नवं झाडच उभं राहत नव्हतं. जो कोंब वर आला, तो बोकडानं खुडलेला.

पुजारी आश्रुबा म्हणाला, देवाचं जनावर हाय, देव बघून घेईल. भिवराबाईला ते पटेना. तिनं बोकडाच्या गळ्यात दोर घातला आणि घरी आणून बांधला.

आळीत बोभाटा झाला, म्हातारी नवस फिरवायलीय म्हणून. आणि श्रावणात रायभानला पुन्हा ताप आला. सून केवळाबाई पाया पडली, "आत्याबाई, सोडा तो बोकड. माझं लेकरू जाईल."

भिवराबाईचा हात दोराच्या गाठीवर गेला, तिथंच थांबला.

"बोकड देवाचाच हाय, केवळे. पण तो देवाचंच घर खायलाय. ज्यानं पोरगं माघारी दिलं, त्याला एवढं कळंना व्हय?"

गाठ तिनं सोडली नाही. लेकराच्या उशाशी म्हसोबाचं नाव घेत बसली. ताप उतरला तेव्हा म्हातारी पहिल्यांदा रडली. बोकड विकला नाही, कापला नाही. बांधाबांधानं पाला गोळा करून त्याला म्हातारा होईस्तोवर पोसला.

मागच्या साली ती गेली. राईत आता कमरेएवढी रोपं आहेत. आरतीला हात जोडाल, तेव्हा आमच्या भिवराबाईची याद ठेवा.