बांधावरची लंगडी

“वैनी, बाजूला हो! आज तिला सोडत न्हाय.”

अंबाजीच्या एका हातात मेलेली कोंबडी होती, दुसऱ्या हातात भाला. त्याची भावजय आवडाबाई बांधावरून हलली नाही. महाराष्ट्र राज्य झालं त्या सालचा चैत्र होता. नवऱ्यामागं खाडीकाठचं भाताचं शेत तीच कसत होती. शेजारी अंबाजीचं शेत, आणि दोघांच्या शेतांत आणि खाऱ्या पाण्यात आड होता तो एवढा मातीचा बांध.

“लंगडी कोल्ही कोंबडीला तोंड लावीत न्हाय, भावजी. ती चिंबोऱ्या खाते. तुमची कोंबडी दुसऱ्यानं मारली.”

“कोल्हा तो कोल्हा! तुझ्या लंगडीनं काय माळ घातली?”

“माळ न्हाय घातली. पाय मोडलाय. धावता येत न्हाय, म्हणून बसायला शिकली.”

आवडाबाईनं ते बसणं कितीदा पाहिलं होतं. ओहोटी लागली की लंगडी बांधाच्या कडेनं येई, बिळाच्या तोंडाशी धोंड्यासारखी बसे, आणि चिंबोरी, खाडीतला खेकडा, वर आली की नांगी चुकवून पाठीवरून धरी. आवडाबाईची बोटं चिंबोऱ्यांनी फोडलेली, तिला त्या कसबाचं भारी कौतुक. लंगडीच्या वाटेवर बांधाला बिळं थोडी, आणि खालच्या चिखलात निवट्या मासळ्या खुशाल उड्या मारीत. बांधाच्या वळणापलीकडं ती जात नसे. तिथं चिंबोऱ्यांच्या बिळांनी बांधाची चाळण झाली होती.

दोन दिवसांनी अंबाजीनं लंगडीला मारलंच.

कोंबड्या जायच्या त्या जातच राहिल्या. खाडीकाठच्या खाजणात कोल्हे काय कमी होते? पण कुणी घुशींमागं, कुणी कोंबड्यांमागं. बिळाशी बसणारं एकही नव्हतं. पाऊस लागेतो चिंबोऱ्या माजल्या, निवट्या दिसेनाशा झाल्या आणि बांध जागोजाग पाझरू लागला. बांध फुटून खांड पडली, तर खारं पाणी आत येणार आणि शेत काही वर्षं मेलं म्हणायचं.

आवडाबाईनं लोखंडी आकडी घेतली. रोज ओहोटीला ती बिळाशी बसे, चिंबोरी ओढून काढी आणि चिखल भरून टाचेनं ठोकी.

“लंगडीची सवत बसली रे!” बाया हसायच्या.

“सवत न्हाय गं, शेजारीण. तिचं काम पडून ऱ्हायलंय.”

अंबाजीलाही तिनं बिळं बुजवायला सांगून पाहिलं. तो म्हणाला, “आता मी कोल्हा होऊ?”

श्रावणी अमावास्येच्या उधाणाला पाणी बांधाच्या माथ्याला टेकलं. अंबाजीच्या बाजूला खांड पडली आणि हिरवंगार भात बघता बघता खाडीत गेलं. दोन शेतांमधल्या उंच धुऱ्यानं पाणी अडलं. आवडाबाईचा बांध घामेजला, पण उभा राहिला. एकाच बिळातून पाणी आत उसळत होतं. खाडीच्या बाजूनं त्यात टाच रोवून ती कमरेइतक्या पाण्यात उभी होती.

अंबाजी धावत आला.

“वैनी, कुठं दाबू?”

“हितं. आत चिंबोरी हाय, जपून.”

तिनं पाय काढला. त्यानं दोन्ही हातांनी चिखल आत कोंबला. नांगी लागली तसा त्याचा चेहरा पिळवटला. पाणी उतरेपर्यंत त्यानं हात काढला नाही.