लाल ठिपक्यांमागे गेलेला बूट

मित्रांनो, आधी नाकाला रुमाल लावा आणि मग माझ्याजवळ बसा. मी एक जुना बूट आहे. डोंगरात चालायचा, उजव्या पायाचा. माझ्या अंगाला बुरशीचा, चिखलाचा आणि टर्पेंटाइनचा वास येतो. तुम्हाला शिसारी आली तरी मला राग नाही. मला स्वतःलाच माझी किळस येते, तिथे तुमची काय कथा!

जन्मतः मला असा वास नव्हता. एका लहान कारखान्यात, खिडकीजवळच्या टेबलावर एका म्हाताऱ्या कारागिराने मला घडवलं. जाड तपकिरी चामडं त्याने साच्यावर ताणलं, दुहेरी दोऱ्याने शिवलं आणि खाली काळा रबरी तळ चिकटवला. दुकानात मी आणि माझा डावा भाऊ नाक वर करून बसायचो. चपलांशी तर आम्ही बोलतही नसू.

आम्हाला घेतलं ते एका लाँड्रीत इस्त्री करणाऱ्या बाईने. दिवसाचे आठ तास ती एका जागी उभी राहायची. "वर्षातला एक आठवडा तरी हे पाय मला हवे तिथे जाऊ देत," असं ती दुकानदाराला म्हणाली होती. तिचा नवरा घरं रंगवायचा. दर पानगळीत दोघं सुट्टी घेऊन एकाच जंगलाजवळच्या विश्रामगृहात उतरायची आणि रोज थोडं थोडं फिरायची. संध्याकाळी मालकीण मला कोरड्या फडक्याने पुसायची आणि माझ्या पोटात जुनी वर्तमानपत्रं कोंबून मला वाळवायची. एकदा दुसऱ्या एका पाहुण्याने मला उचलून "वा, काय निगा राखलीय!" असं म्हटलं. ते वाक्य मी अजून जपून ठेवलं आहे.

त्या जंगलाच्या पोटात एक तळं होतं. तिथवर जाऊन परतायला सबंध दिवस लागे. तो मोठा फेरा मालकिणीला एकदा तरी करायचा होता, पण रंगाऱ्याचं ठरलेलं उत्तर असे, "पुढच्या वर्षी नक्की."

चौथ्या वर्षी शेवटच्या दिवशी तिला ताप आला. "तू पड, आवराआवर मी करतो," असं रंगारी म्हणाला, आणि त्याने आम्हा दोघांना ओलेचिंब तसेच प्लास्टिकच्या पिशवीत घातलं. गाठ मारली. घरी आल्यावर पिशवी माळ्यावर, टर्पेंटाइनच्या डब्यांमागे गेली. पुढे त्याने स्वतःचा धंदा काढला. पानगळीत हवा कोरडी असते, रंग लवकर वाळतो, म्हणून कामं त्याच दिवसांत येत. सुट्टी राहिली ती राहिलीच. नऊ वर्षं! पिशवीत आम्हाला पांढरी बुरशी चढली. नाड्यांखालच्या माझ्या चामडी जिभेखाली झुरळांनी संसार थाटला. शी! मेलेल्या झुरळाबरोबर एक अख्खा उन्हाळा काढून बघा, म्हणजे कळेल.

नऊ वर्षांनी मालकिणीचा गुडघा कुरकुरू लागला. डॉक्टर म्हणाले, चालायचं तेवढं आताच चालून घ्या. मग मात्र ती अडून बसली. "या वर्षी तळं," एवढंच ती म्हणाली.

रंगाऱ्याने पिशवी काढली आणि बुरशीवरच पॉलिशचा जाड हात फिरवला. त्याचं सगळं असंच. वरून एक हात मारला की काम फत्ते.

"तळ बघितलात का हो?" मालकिणीने विचारलं.

"नवे दिसतायत अगं. घाल आणि चल."

तळ त्याने पाहिलाच नव्हता. बंद पिशवीत राहून माझा रबर आतल्या आत कुजत आला होता. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण बुटाचं कोण ऐकतो?

तळ्याकडे निघालो त्या सकाळी विश्रामगृहाच्या बाईंनी बजावलं होतं, की झाडांवरच्या पांढऱ्या पट्ट्या धरून चला. तासाभराने एक फाटा आला. एका बाजूला पुसट पांढरी पट्टी होती, दुसऱ्या बाजूला टवटवीत लाल ठिपके. रंगाऱ्याने लाल ठिपक्यावरून बोट फिरवलं, हुंगलं आणि चेहरा असा केला जणू परीक्षकच.

"हा रंग याच महिन्यातला. पांढरा चार वर्षांचा जुना आहे. म्हणजे वाट बदललीय."

"पण त्या बाई पांढरी म्हणाल्या होत्या."

"रंगाचं तू मला शिकवू नकोस."

मग काय, निघाली वरात लाल ठिपक्यांमागे! पुढे वाट अशी नव्हतीच. होती ती अवजड यंत्रांनी उकरलेली चिखलाची चाकोरी. सडक्या पानांचा तो रबरबीत काला माझ्या शिवणींतून आत शिरला. एक गोगलगाय माझ्या नाडीवर लाळ ओढत बसली. मला ओकारी येत होती, पण त्याहून वाईट म्हणजे माझा तळ पुढून उघडला होता आणि दर पावलाला चिखल गिळत होता.

"पाय घासत चालतेस म्हणून सुटला तो," रंगारी म्हणाला. नाचता येईना, अंगण वाकडं! मित्रांनो, त्या चिखलाची आली नसेल तेवढी किळस मला त्या वाक्याची आली.  मालकीण पुढे चालू लागली.

चार तास चिखल तुडवल्यावर एक मोकळी जागा आली. तिथे ओंडके रचून ठेवले होते आणि लाकूडतोडीवरचा मुकादम चहा पीत बसला होता. त्याने यांना आपादमस्तक न्याहाळलं.

"ठिपके बघत आलात? अहो, ती वाट नव्हे. लाल ठिपक्याची झाडं उद्यापासून पाडायची आहेत."

 त्याच क्षणी माझा तळ फाटकन सुटून चिखलात पडला. मी, जो चपलांना तुच्छ लेखायचो, तो नऊ वर्षं वाट बघितलेल्या बाईला अर्ध्या रस्त्यात सोडून मोकळा झालो. त्या क्षणी मला सगळ्यात जास्त घाण वाटली ती माझीच.

मुकादमाने हात करून दाखवलं. उंचवट्यापलीकडे पांढरी पट्टी होती, तिथून तळं पाऊण तासावर आणि मग विश्रामगृहाच्या गावापर्यंत सरळ उतार. उजेड तीन तास पुरणार होता. पण त्याची गाडी आत्ता गावाकडे निघत होती.

"चल, बसू गाडीत," रंगारी हळूच म्हणाला.

"तुम्ही बसा. मी मोज्यांवर जाईन," मालकीण म्हणाली, आणि ती खरंच माझी नाडी सोडू लागली.

रंगारी ओंडक्यावर बसला. त्याने स्वतःचे बूट काढले, त्यांच्या टोकांत आपला रुमाल फाडून कोंबला आणि ते तिच्यासमोर ठेवले.

"चुकलं माझं. ठिपक्यांचंही, आणि नऊ वर्षांचंही. तू जा, बघून ये."

तिने बूट घातले, घट्ट बांधले आणि मागे न बघता उंचवटा चढून गेली.

मुकादमाच्या गाडीतून परतलेला रंगारी विश्रामगृहाच्या पायरीवर अनवाणी बसून होता. मी त्याच्या मांडीवर, माझा डावा भाऊ बाजूला. एक काडी घेऊन तो माझ्या शिवणीशिवणीतला चिखल कोरत होता, बुरशी खरवडत होता, चामड्याला तेल चोळत होता. इतक्या मायेने त्याने मला कधी हात लावला नव्हता. मला त्याचा संताप आला, आणि रडूही आलं.

सूर्य टेकायच्या सुमारास ती परतली. चेहरा लाल, केसांत वाळकी पानं.

"कसं होतं तळं?" त्याने विचारलं.

ती त्याच्या शेजारी बसली. त्याच्या मांडीवरच्या माझ्या चामड्यावरून तिने एकदा बोट फिरवलं.

"ते सांगून कळायचं नाही हो," ती म्हणाली. "तुम्ही असायला हवं होतं."

मित्रांनो, वास काही गेला नाही, पण दिसायला मी आता लख्ख स्वच्छ आहे. शिवण शाबूत आहे, चामडं मऊ आहे. पण वेळ गेल्यावर पुसलेला बूट नुसता स्वच्छ असतो. त्याला घालून कुणालाही कुठेही जाता येत नाही.