जाते म्हण

घरातून निघताना माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. ‘जातो’ म्हणायचा हक्क फक्त तिरडीवरच्याला, आणि त्याला बोलता येत नाही. नांदूरघाटात हे पोरांना बाराखडीच्या आधी शिकवतात. तिथं दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटत नाही, वाढते. खरं ते तोंडातून काढायचं नाही आणि खोटं असेल ते फेटा बांधून मिरवायचं, अशी ही आपली थोर रीत.

म्हणूनच मुंबईत, व्हिसाच्या कचेरीच्या फाटकासमोर गंगासागरनं पोरीच्या कपाळाला विभूती लावली आणि हळूच म्हणाली, “येते म्हणू नको. जाते म्हण,” तेव्हा रुद्राणीच्या काळजात चर्र झालं.

“आई, कायबी काय बोलतीस?”

“म्हण म्हणते ना.”

“अगं, अपशकून हाय.”

“अपशकून माझ्या माथी. तू म्हण.”

सगळा जन्म नवऱ्याच्या ‘हूं’ला ‘जी’ म्हणण्यात गेलेली ही बाई. तिचा असा आवाज रुद्राणीनं कधी ऐकलाच नव्हता. तिनं खाली मान घालून म्हटलं, “जाते.” फाटकावर नावं तपासणाऱ्या बाबूनं झटकन वर बघितलं. तो मराठी होता. त्याच्या चेहऱ्यावरूनच कळलं.

रुद्राणी परभणीहून शेतकीची पदवी घेऊन आलेली. साल शहाण्णव. देशाची दारं उघडली, असं पेपरात रोज छापून येत होतं. नांदूरघाटात कुणाची उघडली ते कुणी विचारलं नाही, पण हिचं एक उघडलं. काचेच्या घरात फुलं पिकवणाऱ्या एका परदेशी कंपनीनं तिला सहा महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी निवडलं. त्या देशाचं नाव गावाच्या जिभेवर बसेना, म्हणून सगळे सरसकट विलायत म्हणत.

तिला वाटलं होतं, अप्पा घर डोक्यावर घेतील. अप्पांचं, म्हणजे शिवलिंगप्पांचं, कापडाचं दुकान होतं, आणि पोरीनं परभणीला शिकायला जायचं म्हटलं तेव्हा त्यांनी दोन दिवस अन्न सोडलं होतं. या वेळेला मात्र त्यांनी कागद हातात घेतला, दोनदा चष्मा पुसला आणि म्हणाले, “जा की. सहा महिनेच तर हाय.” माणूस बदलतो म्हणतात, तसा आपला बाप बदलला, असं तिला वाटलं. आनंदानं ती त्यांच्या पाया पडली होती. ते आठवलं की पुढं कितीतरी दिवस तिला स्वतःचीच शिसारी यायची.

व्हिसाच्या मुलाखतीला निघताना दारात ट्रॅक्स जीप उभी, आणि आत माणसं कोंबलेली. पोचवायला म्हणून.

“अप्पा, आज नुसती मुलाखत हाय. मी काय आजच उडत न्हाई.”

“अगं, पोचवायला माणसं लागतात. एकटी गेलीस तर गोरे म्हणतील, हिला कुणीच न्हाई.”

पुढच्या सीटवर परळीचे आडत व्यापारी बसवेश्वरअप्पा बसले होते. हे कशाला आले, तिला कळेना. अप्पा स्वतः मागं टपावर बसल्यासारखे गुडघे पोटाशी घेऊन बसलेले. बसवेश्वरअप्पांनी मागं वळून तिच्या हातावर पेढा ठेवला. “खाय पोरी. तिकडं कुठं असलं भेटायचं?” केसरआत्यानं तिचं मनगट धरून दोऱ्यानं माप घेतलं.

“आत्या, हे काय?”

“बांगड्या भरायच्यात तुला. विलायतेला काय भुंड्या हातानं जातीस का?”

सगळे हसले. रुद्राणीही हसली. गंगासागर तेवढी खिडकीबाहेर बघत राहिली.

आत कचेरीत थंड हवा आणि काचेपलीकडं पांढऱ्या केसांची गोरी बाई. रुद्राणीची उत्तरं पाठ होती. तू परत येशील कशावरून, हा प्रश्न सगळ्यांनाच विचारतात, हे तिला ठाऊक होतं. गोऱ्यांना आपल्या पोरांची बुद्धी हवी असते, पण ती पोरं परत जातील याची हमीही हवी असते. पेरू खायचा आणि बी कुणाच्या तरी अंगणात थुंकायचं. तिनं सांगितलं, याच कंपनीचं पुण्याजवळ काम सुरू होतंय, तिथं नोकरी देणार आहेत, तसं त्यांनी लिहून दिलंय. बाई मान हलवत होती.

मग फाटकावरचा तो बाबू आत आला, वाकून बाईच्या कानाशी काही बोलला आणि गेला. बाईनं पेन खाली ठेवलं.

“तुमचं लग्न कधी आहे?” तिनं इंग्रजीत विचारलं.

“माझं लग्न ठरलेलं नाही, मॅडम.”

“ठरलेलं नाही? तुमचे वडील बाहेर आमच्या माणसाला सांगताहेत की मुलगी परत येणारच, काळजी करू नका. आल्यावर आठव्या दिवशी लग्न आहे. सासऱ्यालाही सोबत आणलंय, हवं तर विचारून घ्या.”

रुद्राणीला वाटलं, काचेमुळं नीट ऐकू आलं नाही.

“आणि तुमच्या आईनं निघताना तुम्हाला एक शब्द म्हणायला लावला. तो शब्द तुमच्याकडं कायमचा जाणाराच म्हणतो, असं आमचा माणूस म्हणतो. मला कुणाचं खरं मानायचं? वडिलांचं की आईचं?”

पुढची सीट, तो पेढा, मनगटावरचा दोरा, ‘जा की, सहा महिनेच तर हाय’. सगळं एकाच झटक्यात अंगावर आलं. साऱ्या गाडीला माहीत होतं. ड्रायव्हरलाही माहीत असणार. परळीच्या आडतीत बसणारा बसवेश्वरअप्पांचा पोरगा संगमेश, जो बहिणीच्या पोराच्या बारशाला तिच्याकडं बघून नुसताच दात कोरत होता, त्यालाही माहीत. जिचं लग्न, तिला मात्र एका परक्या बाईनं परक्या भाषेत सांगावं! विलायतेला शिकायला पाठवत नव्हते तिला. कापडाला जशी खळ देतात, तशी देऊन आणणार होते. विलायत रिटर्न सून. ताठ, चकचकीत, गिऱ्हाईक आधीच ठरलेलं.

मी लग्न करणार नाही, असं ओरडावं वाटलं. पण ओरडली असती तर व्हिसा तिथंच मेला असता. आणि व्हिसा नाही म्हणजे सहा महिनेसुद्धा नाहीत. थेट पुढच्या मुहूर्तावर लग्न.

तिनं जीभ दातांखाली दाबली आणि म्हणाली, “वडिलांचं.”

“म्हणजे लग्न ठरलंय?”

“हो. आठव्या दिवशी.”

“मग मघाशी नाही का म्हणालात?”

“आमच्याकडं मुली स्वतःच्या लग्नाचं स्वतःच्या तोंडानं सांगत नाहीत. लाजतात.”

बाई पहिल्यांदा हसली. असल्या गोष्टी त्यांना लई आवडतात. “आणि आईचा शब्द?”

“आई अडाणी आहे,” रुद्राणी म्हणाली. “चुकून बोलली.”

संध्याकाळी व्हिसाचा शिक्का मारलेला पासपोर्ट तिच्या हातात होता. फाटकाबाहेर कल्ला झाला. अप्पांनी तिच्या गळ्यात हार घातला आणि सगळ्यांना ऐकवलं, “म्या सांगितलं त्या बाबूला, म्हणून काम झालं. न्हाईतर गोरे लई वस्ताद.” काय सांगितलं, ते त्यांनी पोरीला सांगितलं नाही. तिला विचारायची गरज तर त्यांना कधीच पडली नव्हती. पासपोर्टसाठी त्यांनी हात पुढं केला, तेवढ्यात गंगासागरनंच तो उचलला.

“ऱ्हाऊ द्या माझ्याकडं. देवापुढं ठेवून विभूती लावते.”

देवाचं नाव निघाल्यावर शिवलिंगप्पा काय बोलणार? त्यांनी हात मागं घेतला.

लिंबूसरबताच्या गाड्याआड रुद्राणीनं आईला गाठलं.

“तुला माहीत होतं.”

“दिवाळीपासनं.”

“मला कावून सांगितलं न्हाई?”

“सांगून काय केलं असतंस? बोंब मारली असतीस. अन् तुझ्या बापानं हे बुक चुलीत घातलं असतं.” तिनं पदराखालचा पासपोर्ट चाचपला.

“आई, आत मी तुला अडाणी म्हणले.”

गंगासागरनं तोंडाला पदर लावला. रडतेय वाटलं, पण ती हसत होती. “मग काम झालं का न्हाई? तुझ्या आजानं मला सातवीतनं काढली, तवा मला असं एक खोटं सुचलं असतं तर!”

चार दिवसांनी तीच ट्रॅक्स, तीच माणसं, सहारचं विमानतळ. आता लपवायचं काही उरलंच नव्हतं बहुतेक, कारण बसवेश्वरअप्पांनी तिच्या खांद्यावर शाल टाकून सरळ म्हटलं, “चला सूनबाई, सुखरूप या.” अप्पांनी खाकरून दुसरीकडं बघितलं. केसरआत्यानं भरलेल्या हिरव्या बांगड्या रुद्राणीच्या मनगटात किणकिणत होत्या, मापाला अगदी बरोबर.

ती सगळ्यांच्या पाया पडली. शेवटी आईच्या. गंगासागरनं तिच्या हातात पासपोर्ट ठेवला, मूठ घट्ट मिटवली आणि कुजबुजली, “आता येते म्हण. मोठ्यानं. पार मागच्यालाही ऐकू गेलं पाहिजे.”

रुद्राणी आईकडं बघत राहिली. काचेपुढं ऐकलं होतं ते काहीच नव्हतं. खरा धक्का आत्ता बसत होता. ही बाई आपल्याला कायमची सोडतेय. जिनं जन्म दिला, ती पुन्हा तोंड न बघण्याची तयारी करून उभी आहे, आणि डोळ्यांत टिपूस नाही.

“येते!” रुद्राणी ओरडली. इतक्या जोरात, की हमालांनी माना वळवल्या.

“ये, ये बाई, लवकर ये,” सगळे एका सुरात म्हणाले, रीतीप्रमाणं. शिवलिंगप्पांनी डोळे टिपले. “बघा,” ते बसवेश्वरअप्पांना म्हणाले, “वळण हाय पोरीला.”

एकट्या गंगासागरनं ‘ये’ म्हटलं नाही.