भिशी सोडली तेव्हा

मी ब्लाउज शिवते. बिबवेवाडीतल्या आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर मी आणि माझं मशीन, एवढाच संसार. लग्न झालं नाही, आणि का झालं नाही हे विचारणाऱ्यांचे ब्लाउज मी मुद्दाम उशिरा देते.

सत्तेचाळिसाव्या वर्षी सुईत दोरा ओवायला चष्मा लागला, तेव्हा मी हिशेब मांडला. डोळे गेले की काम गेलं, काम गेलं की खायचं काय? नोकरीवाल्यांचं ऑफिस पगारातून पैसे कापून बाजूला ठेवतं. माझे कोण कापणार? मालकीण मीच आणि कामवालीही मीच. माझं एक गिऱ्हाईक आहे, बँकेतली तनुजा. तिने मला पेन्शनचं खातं उघडून दिलं. दर महिन्याला दोन हजार आपोआप जाणार, साठीपर्यंत हात लावायचा नाही.

दोन हजार आणायचे कुठून? सोडण्यासारखी माझ्याकडे एकच गोष्ट होती, भिशी.

पहिल्या मजल्यावरच्या हिराताईंकडे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही बायका जमायचो. प्रत्येकीने दोन हजार द्यायचे, चिठ्ठी उचलायची, जिचं नाव निघेल तिला सगळे पैसे. माझे कधी फ्रिजमध्ये गेले, कधी मशीनच्या मोटरीत. म्हातारपणासाठी त्यातलं काही उरलं नाही. पण त्या संध्याकाळी मी पोट दुखेपर्यंत हसायचे. बाकी महिनाभर लोक माझ्याशी बोलायचे ते बाही आणि गळ्याबद्दल.

दिवाळीला फेरी संपली तेव्हा मी सांगितलं, "हिराताई, पुढच्या फेरीत मी नाही."

"बरं," त्या म्हणाल्या.

निदान का म्हणून तरी विचारतील असं वाटलं होतं. उत्तर पाठ करून गेले होते मी.

पैसे कापल्याचा पहिला मेसेज आला तेव्हा मला स्वतःचा अभिमान वाटला. सांगायला कोणी नव्हतं. त्या रविवारी मंडईतून भाजी घेऊन परतले तर हिराताईंच्या दाराबाहेर चपलाच चपला, सगळ्या ओळखीच्या. आतून हसण्याचा आवाज येत होता. मी जिन्यात मुद्दाम खोकले. पिशवी खाली ठेवली, पुन्हा उचलली. कोणी हाक मारली नाही. वर जाऊन एकटीपुरती भेंडी चिरली आणि रडले. सांगायला लाज कसली?

असे काही महिने गेले. मग हिराताई ब्लाउज शिवायला घेऊन आल्या. माप घेता घेता मी विचारलंच, "मला का नाही हो बोलावत?"

"अगं, पैशाची अडचण आली म्हणून सोडलीस असं वाटलं आम्हाला. बोलावून उगाच लाजवायचं कशाला?"

"अडचण नाही. पेन्शनसाठी भरतेय मी."

"पेन्शन? तू कधी नोकरीला लागलीस?"

"माझ्याकडेच. मालकीण फार खडूस आहे."

त्या खळखळून हसल्या. "मग येत जा की! भिशीत नाहीस म्हणून चहालाही नाही का?"

पुढच्या महिन्यात मी ठेवणीतली साडी नेसले, चिवडा केला आणि वेळेआधी जाऊन पोचले. तरी सगळ्या सतरंजीवर बसलेल्या. भिंतीला टेकायच्या माझ्या जागेवर हिराताईंची सून चैताली होती. भिशीतही आता माझ्याऐवजी तीच होती. मी खाली बसायला लागले तर हिराताई म्हणाल्या, "अगं, खाली कशाला?" आणि त्यांनी आतून खुर्ची आणली. पोह्यांची पहिली बशीही मलाच दिली. इतक्या वर्षांत त्या घरात मला कोणी पाहुणी केलं नव्हतं.

मग चिठ्ठ्यांचा डबा निघाला. आमच्याकडे चिठ्ठी नेहमी एखाद्या लहान मुलाकडून उचलून घेतात, म्हणजे कोणाच्या मनात शंका नको. त्या दिवशी घरात मूल नव्हतं.

"शकूमावशींना उचलू द्या ना," चैताली म्हणाली. "त्यांचं काही नाही यात."

सगळ्यांना पटलं. पटण्यासारखंच होतं.

मी डब्यात हात घातला. माझं नाव आत नाही हे ठाऊक असूनही बोटं आत फिरत राहिली.

"शकू, लवकर गं!"

एक चिठ्ठी उचलली, चष्मा लावला, नाव वाचलं. टाळ्या पडल्या, आणि सगळ्या जणी तिच्याकडे वळल्या. डबा मांडीवर घेऊन मी खुर्चीत बसून राहिले. साठीला अजून तेरा वर्षं होती.